सबब आभाळातून पडते

ट्रायथलॉनमध्ये आधी पोहायचं, मग सायकल मारायची आणि शेवटी पळायचं. ड्युएथलॉनमध्ये पोहण्याच्या जागीही पळणंच असतं. म्हणजे पळा, सायकल मारा आणि परत पळा. पाण्याशी ज्यांचं जमत नाही त्यांच्या सोयीचा हा प्रकार आमच्या कोल्हापुरात भर जुलैत भरवतात. पोहणं नियमावलीत नाही, इतकंच. रस्त्यावर असू शकतं.

यातल्या छोट्या शर्यतीला स्प्रिंट म्हणतात. ५ किलोमीटर पळणं, २० किलोमीटर सायकल आणि परत २.५ किलोमीटर पळणं. छोटी म्हणजे कोणाच्या मानाने, हे विचारायचं नसतं. स्वित्झर्लंडमध्ये झोफिंगन नावाचं गाव आहे. तिथल्या ड्युएथलॉनमध्ये लोक १० किलोमीटर पळतात, १५० किलोमीटर सायकल मारतात आणि मग ३० किलोमीटर पळतात. त्यांच्यापुढे आमची शर्यत छोटीच. पण शेजारच्या काकूंना सगळी बेरीज करून 'साडेसत्तावीस किलोमीटर' असं सांगितलं, तेव्हा त्या खरोखर कळवळून म्हणाल्या, "एवढं लांब? मग एसटीनं का जात नाहीस?"

जुलैच का, याचं उत्तर आयोजकांकडे तयार असतं. उन्हाळ्यात ऊन. गणपतीत पोलीस बंदोबस्ताला. दिवाळीनंतर मॅरेथॉनांची रांग. गळीत हंगाम सुरू झाला की रस्ते उसाच्या ट्रॉल्यांचे. राहता राहिला जुलै. जुलैत रस्ता मोकळा मिळतो, कारण शहाणी माणसं घरात असतात. मग 'निसर्गाच्या कुशीत' असं लिहिलेलं पोस्टर निघतं. त्यावरच्या फोटोत आभाळ निळंशार, रस्ता कोरडा ठणठणीत आणि सायकलस्वार हसतोय. फोटो नोव्हेंबरातला आहे हे कोणीही ओळखावं.

तरीही लोक नावं देतात. नुसती देत नाहीत, हवामानाचा अंदाज जसजसा बिघडत जातो तसतसा त्यांना हुरूप येतो. मला याचं कारण असं दिसतं, की कोरड्या हवेतली शर्यत फार निर्दय असते. तिथे लागलेला वेळ तुमचा तुम्हालाच लागलेला असतो. पोट, वय, आदल्या रात्रीचं जेवण, न केलेला सराव, सगळं घड्याळात उमटतं. पावसात मात्र जे काही होईल ते पावसामुळे, हे आधीच ठरलेलं असतं. सबब शोधावी लागत नाही. ती आभाळातून पडते, गरीब-श्रीमंत न बघता पडते आणि तिचे फोटोही निघतात. हरलेल्याला मान खाली घालावी लागत नाही. खड्डा दिसावा म्हणून घातली तर गोष्ट वेगळी.

शर्यतीच्या आधीचा आठवडा त्यामुळे सरावाचा नसतो, अंदाजाचा असतो. एरवी सकाळी फुलांची चित्रं पाठवणारा आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तेव्हा हवामान खात्याच्या पुढे धावतो. यलो अलर्ट आला की अंगठे वर होतात. ऑरेंज आला की दंडाच्या बेडक्या फुगवलेली चित्रं येतात. रेड आला की "आता मजा" असं तो माणूस लिहितो, ज्याने अजून पैसे भरलेले नसतात.

त्यात कोल्हापूरची अशी एक खास मोजपट्टी आहे. पावसाळ्यात इथे दोन माणसं भेटली की एकमेकांच्या तब्येतीआधी पंचगंगेची चौकशी करतात. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना पोचलं की इशारा, ४३ फुटांना धोका. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांच्या घरात शिरून गेले, त्यांना हे आकडे पाठ करावे लागले नाहीत. आणि धरणाची बातमी तर हवीच. राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांवर ग्रुपमध्ये अशी चर्चा चालते:

"राधानगरीचे किती उघडले?"

"चार."

"सातही उघडले तर रेस रद्द काय?"

"सातही उघडले तर ट्रायथलॉन."

ग्रुपमधले वडीलधारे वेधशाळेला मानत नाहीत. त्यांचा भरवसा पंचांगावर. नक्षत्राचं वाहन कोणतं ते ते बघतात. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की पाऊस नक्की. शिवाय आपल्याकडे पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणतात आणि त्यामागून येणाऱ्या पुष्याच्या पावसाला म्हातारा. म्हणजे वयोगट फक्त स्पर्धकांनाच असतात असं नाही. आमची शर्यत नेमकी या दोघांच्या सांध्यावर येते आणि दोघांचीही चाल रस्त्यावर ओळखता येते. तरणा पाऊस धावत येतो, दहा मिनिटं थैमान घालतो आणि दम लागून थांबतो. म्हातारा कोणालाही न दिपवता सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत एकाच लयीत पडत राहतो. पळणाऱ्यांचंही असंच आहे. पहिल्या किलोमीटरला पंचविशीतली पोरं पुढे असतात. शेवटच्या किलोमीटरला साठीचे एक काका 'बाजू द्या' म्हणत त्यांच्यातून निघून जातात.

घरच्यांना यातलं काही पटत नाही. आईचं म्हणणं असं, "काल कोथिंबीर आणायला सांगितली तर पाऊस आहे म्हणालास. आज पंधराशे रुपये भरून भिजायला चाललास." याला उत्तर नाही. अशा वेळी मिलिंद सोमण यांचं नाव घेऊन बघतात लोक. त्यांनी २०१५ साली, वयाच्या ४९व्या वर्षी, झ्युरिकची आयर्नमॅन ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन पूर्ण केली हे खरंच आहे. पण "ते मिलिंद सोमण आहेत" एवढं बोलून आई पोळ्या लाटायला लागते आणि विषय संपतो.

पहाटे पाचला मैदानावर पोचलं की आधी ट्रान्झिशनमध्ये जायचं. पळणं संपवून सायकल घ्यायची आणि सायकल ठेवून परत पळायला निघायचं, ती ही जागा. लोखंडी आडव्या बारवर सायकली सीटने टांगलेल्या असतात आणि प्रत्येकाला हातभर रुंदीची जागा मिळते. या हातभर जागेत शर्यत जिंकता किंवा हरता येते असं जाणकार म्हणतात. त्यासाठी एक पद्धत आहे. हेल्मेट हँडलवर उलटं ठेवायचं, पट्टे दोन्हीकडे मोकळे सोडायचे, गॉगल त्याच्यात. बुटांची तोंडं उघडी, आत पावडर. पळत आलं की डोक्यावर घातलं, पायात सरकवलं आणि निघालं. ही पद्धत ज्याने शोधली त्याच्या गावात पाऊस पडत नसावा. आमच्याकडे उलट्या हेल्मेटात तासाभरात पाणी साठतं आणि बुटातली पावडर भिजून तिची खळ होते.

म्हणून मुरलेले स्पर्धक सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालतात. महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आलेल्या या पिशव्या इतक्या संख्येने एका जागी अन्यत्र बघायला मिळणार नाहीत. कुठली सराफी पेढी, कुठलं साड्यांचं दुकान, सगळी नावं सायकलींखाली फडफडत असतात. पिशवीत पाणी जाऊ नये म्हणून तोंडाला करकचून गाठ मारतात. हीच गाठ पुढे पळून आल्यावर, पाण्याने सुरकुतलेल्या आणि गारठलेल्या बोटांनी सोडायची आहे, हा विचार गाठ मारताना कोणाच्या मनाला शिवत नाही.

शेजारी टायरमधल्या हवेचा वाद रंगलेला असतो.

"किती ठेवलीस?"

"शंभर पौंड."

"या पावसात? नव्वद कर."

"नव्वदला पंक्चर होतं."

"शंभरला घसरतं."

हवा थोडी कमी असली की टायर ओल्या रस्त्याला जरा जास्त धरून राहतो, हे बरोबर आहे. थोडी म्हणजे किती, यावर मात्र माणशी एक मत पडतं. शेवटी एकाकडे पंप निघतो, सगळे त्याच्याभोवती जमतात आणि त्या पंपाचा काटा गेल्या पावसाळ्यापासून ऐंशीवर अडकलेला असतो. त्यावर सगळ्यांचं एकमत होतं.

मग झुंबा. आपल्याकडे कुठलीही शर्यत झुंब्याशिवाय सुटत नाही. मंचावर ताडपत्रीखाली कोरडी असलेली एक मुलगी "हात वर, हात वर" म्हणते आणि खाली शेकडो माणसं हात वर करतात. हात वर केल्यावर बाहीतून काखेत पाणी उतरतं हा शोध प्रत्येकाला स्वतंत्रपणे लागतो. त्यानंतर नियम वाचून दाखवतात. हेल्मेटचा पट्टा लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. आखलेल्या रेषेपर्यंत सायकल हातात धरून पळायचं, रेषा ओलांडल्यावरच बसायचं. येताना रेषेच्या आधी उतरायचं. पुढच्या सायकलीच्या मागे दहा मीटर अंतर ठेवायचं, तिच्या आडोशाने वारा चुकवायचा नाही. छातीवरचा नंबर सायकलवर असताना पाठीवर फिरवायचा. माईकमध्ये पाणी गेल्यामुळे यातलं "पट्टा", "रेषा" आणि "बाद" एवढे तीनच शब्द मैदानात पोचतात, आणि खरं तर तेवढे पुरतात.

सहाची शर्यत साडेसहाला सुटते. प्रमुख पाहुणे येतात तेव्हा त्यांच्यावर दोघांनी दोन छत्र्या धरलेल्या असतात, त्यामुळे दोन छत्र्यांमधलं पाणी बरोबर त्यांच्या मानेवर पडतं. झेंडा भिजून काठीला चिकटलेला. तो हलवला तरी हलत नाही. मागचे लोक झेंड्याकडे बघत राहतात, पुढचे निघून गेलेले असतात.

पहिले पाचशे मीटर बघण्यासारखे असतात. सगळे डबकी चुकवत पळतात. कोणी कडेने, कोणी उडी मारून, कोणी दुसऱ्याला डबक्यात ढकलल्याचं न दाखवता. बूट नवे असतात, मोजे कोरडे असतात आणि माणसाची सगळी हुशारी ते कोरडे ठेवण्यात खर्च होत असते. मग कधीतरी कोणाचा तरी पाय घोट्यापर्यंत आत जातो. तो क्षणभर थांबतो, खाली बघतो आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा होतो. आता वाचवण्याजोगं काही उरलेलं नाही. तिथून पुढे तो सरळ रेषेत पळतो, डबक्यातून पळतो, मुद्दाम पळतो आणि कोरड्यांच्या अंगावर उडवतो. किलोमीटर संपेपर्यंत सगळेच या पंथात येतात. पावसाला माणूस घाबरतो तो मोजे भिजेपर्यंतच.

पुढचा त्रास घड्याळाचा. हल्ली प्रत्येकाच्या मनगटावर काचेला बोट लावून चालणारं घड्याळ असतं आणि या घड्याळाला बोट आणि थेंब यातला फरक दर वेळी कळतोच असं नाही. पाऊस त्याच्यावर टपटप टाइप करत राहतो. तिसऱ्या किलोमीटरला एका गृहस्थांच्या लक्षात आलं, की आपण पळत असताना घड्याळाने शर्यत थांबवली आहे, पडद्याची भाषा बदलली आहे आणि आता ते आपल्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगतंय. ते रस्त्याच्या कडेला उभे राहून घड्याळ बनियनला पुसत होते. बनियन घड्याळापेक्षा ओलं होतं. घोट्याला बांधलेली टायमिंग चिप आयोजकांसाठी वेळ मोजत असतेच, पण स्ट्राव्हा या अ‍ॅपवर जे चढलं नाही ते घडलं नाही असा आता दंडक आहे.

पाच किलोमीटर संपतात आणि माणसं ट्रान्झिशनमध्ये शिरतात. जिंकायची-हरायची ती हातभर जागा हीच. इथे सगळ्यात आधी आपली सायकल सापडत नाही, कारण तुम्ही खूण म्हणून लक्षात ठेवलेली लाल ताडपत्री वाऱ्याने तीन रांगा पलीकडे नेलेली असते. सायकल सापडली की गाठ सुटत नाही. शहरातले एक नावाजलेले सर्जन, ज्यांची बोटं टाके घालण्यात आयुष्यभर चालली, ते चिखलात गुडघे टेकून दाताने पिशवी फाडताना दिसले. ज्यांनी पिशवी वापरली नव्हती त्यांनी घाईघाईने हेल्मेट उचलून डोक्यावर पालथं केलं आणि त्यांना तासाभराचा पाऊस एका हप्त्यात मिळाला. पुढचा प्रश्न पट्ट्याचा. गारठलेल्या बोटांना तो प्लास्टिकचा चाप लावता येत नाही, आणि कॉलेजातली एक मुलगी शिट्टी घेऊन समोर उभी असते.

"काका, हेल्मेट."

"घातलंय की."

"पट्टा."

"लावतोय."

"सायकल सोडा. आधी पट्टा."

शहरातले निम्मे बिल्डर, वकील आणि कारखान्यांचे इंजिनिअर या मुलीपुढे हनुवटी वर करून उभे असतात. आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही अशी ही मंडळी त्या दिवशी अठरा वर्षांच्या पोरीने 'हं, आता जा' म्हटल्याशिवाय हललेली नाहीत. शर्यतीने समाजाला काय दिलं असं कोणी विचारलं, तर मी हे दृश्य सांगेन.

सायकलचा रस्ता गगनबावड्याच्या दिशेचा. फुलेवाडी मागे टाकायची, बालिंग्यावरून पुढे जायचं, दहा किलोमीटर झाले की वळायचं, परत यायचं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये मध्ये भाताची खाचरं. एरवी या रस्त्यावर वेग हा विषय असतो. पावसात विषय थांबण्याचा. रिमला घासणारे ब्रेक ओले झाले की दाबल्या दाबल्या सायकल थांबवत नाहीत. ते आधी रिमवरचं पाणी पुसतात. चाकाचा एखाद-दुसरा फेरा या साफसफाईत जातो आणि मग ब्रेक मूळ कामाकडे वळतात. तेवढ्या वेळात समोरची म्हैस रस्ता ओलांडायचा निर्णय बदलून मध्येच उभी राहते. डिस्क ब्रेकवाल्यांची सायकल थांबते, पण अशी किंचाळून थांबते की म्हैस उधळते. दोन्हीत धोका सारखाच. सगळ्यात निसरडे असतात रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं. ओल्या रंगावरून वळताना चाक निघून जातं. सुदैवाने आपल्याकडच्या बऱ्याच गतिरोधकांना रंग मारलेला नसतो. ते दिसत नाहीत, पण माणूस घसरतही नाही. नुसता उडतो.

पुढच्याच्या मागे दहा मीटर राहायचा नियम कोरड्या शर्यतीत पाळून घ्यायला मोटारसायकलवर पंच फिरतात. पावसात पंच लागत नाही. रेसच्या सायकलला मडगार्ड नसतं, त्यामुळे पुढच्याचं मागचं चाक रस्त्यावरचा सगळा चिखल उचलून बरोबर मागच्याच्या तोंडात घालतं. त्यातच रोपलावणीचे दिवस. चिखलणी करून निघालेले ट्रॅक्टर खाचरातली अर्धी जमीन रस्त्यावर टाकत गेलेले असतात. अशा वेळी जो तो आपणहून वीस मीटर मागे राहतो. नियम पाळल्याचं समाधान वेगळं.

मडगार्डावरून आठवलं. लाखभर रुपयांची सायकल म्हणजे साध्या सायकलमधून एकेक उपयोगी वस्तू काढून टाकत आणलेली सायकल. मडगार्ड काढलं, चेन कव्हर काढलं, कॅरिअर काढलं, स्टँड काढला, घंटी काढली. जितकं काढलं तितकी किंमत चढली. त्या सकाळी बालिंग्याच्या पुढे एक आजोबा डेअरीला दूध घालायला निघालेले. जुनी काळी सायकल, दोन्ही मडगार्डं शाबूत, मागच्याला रबराचं फडकं, हँडलला किटली आणि डोक्यावरून प्लास्टिकची खोळ. चढाला ते आमच्या बरोबरीने चालले होते. त्यांची पाठ स्वच्छ होती. आमच्या प्रत्येकाच्या पाठीवर सीटपासून मानेपर्यंत चिखलाचा एक उभा पट्टा निघालेला. फोटोग्राफर समोरून फोटो काढतात म्हणून या खेळाची प्रतिष्ठा टिकून आहे.

घसरण्यात कमीपणा नाही, असं आम्ही एकमेकांना सांगतो आणि दाखला थेट ऑलिंपिकचा देतो. ड्युएथलॉन ऑलिंपिकमध्ये नाही, पण ट्रायथलॉन २००० पासून आहे. पॅरिसला ३१ जुलै २०२४ रोजी महिलांची शर्यत झाली, तेव्हा रात्रभरच्या पावसाने रस्ते ओले होते आणि जगातल्या निवडक सायकलस्वार फरसबंदीवर आडव्या होत होत्या. पुरुषांची शर्यत आदल्या दिवशी व्हायची होती. पावसाने सीन नदीचं पाणी इतकं घाण केलं की ती पुढे ढकलावी लागली. टोकियोत २७ जुलै २०२१ ला वादळी पावसामुळे महिलांची शर्यत पंधरा मिनिटं उशिरा सुटली. ती बर्म्युडाच्या फ्लोरा डफीने जिंकली आणि त्या चिमुकल्या बेटाला पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक मिळालं. आमच्याकडे यातला पंधरा मिनिटं उशिराचा भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला आहे.

परतीच्या वाटेवर माझी चेन पडली. आत चिखल गेला की ती पडतेच. कडेला उभं राहून ती बसवत होतो. बाजूच्या खाचरात बायका ओणव्या होऊन रोप लावत होत्या, पाठीवर खोळी, पाऊस त्यांच्यावरही तेवढाच. बांधावरचे मालक जवळ आले आणि बराच वेळ निरखून म्हणाले,

"काय हाय वो हे?"

"स्पर्धा आहे."

"काय मिळतंय?"

"मेडल."

"सोन्याचं?"

"नाही. पण सगळ्यांना मिळतं."

"सगळ्यांस्नी? मग पळतायसा कशाला?"

मी चेनकडे लक्ष दिलं. त्यांनी पुढे विचारलं, "पैसं किती देत्यात?"

"आम्हीच भरतो. पंधराशे."

ते गप्प झाले. रोप लावणाऱ्या बायकांनी माना वर केल्या होत्या, त्यांच्यात काहीतरी बोलणं झालं आणि हसण्याची एक लाट खाचरभर फिरली. मग मालक खऱ्या आपुलकीने म्हणाले, "सायेब, आमास्नी लावणीला माणसं मिळंनात झाल्यात. भिजायचं एवढंच, चिखलबी एवढाच. दुपारची भाकरी देतो, वर हजेरी. पुढल्या वर्साला तुमची सगळी टोळी घेऊन या."

धंद्याच्या दृष्टीने प्रस्ताव निर्दोष होता. पण शेतात पाऊस ही सबब नसते, तिथे पाऊस म्हणजे काम. शिवाय तिथे काम वेळेत झालं नाही तर ते पावसावर ढकलता येत नाही. पावसामुळे आम्हाला उशीर होतो आणि त्यांना घाई. ही अडचण मला तिथे उभ्या उभ्या समजली, पण दहा-बारा सायकली पुढे गेल्या होत्या, म्हणून चर्चा तोडली.

पुढे एकजण पंक्चर होऊन बसलेला. पावसात पंक्चर जास्त होतात, कारण ओल्या टायरला काचेचे कण, खडे चिकटून राहतात आणि पाणी त्यांना आत जायला मदत करतं. येणारा प्रत्येकजण त्याला "काही हवंय का?" असं विचारतो. शर्यतीत दिसणारा हा खरा मोठेपणा. मात्र हा प्रश्न ओलांडून पुढे गेल्यावर, आवाज पोचणार नाही अशा अंतरावरून विचारण्याची एक कला आहे आणि ती सरावाने येते.

सायकल ठेवून परत पळायला निघालं की अडीच किलोमीटर म्हणजे काय ते कळतं. आतापर्यंत पाय गोल फिरत होते, आता त्यांना पुढे जायला सांगायचं. ते ऐकत नाहीत. मांड्या जड, पोटऱ्या ताठ, आणि एकूण पाय कोणाकडून तरी चार दिवसांसाठी मागून आणल्यासारखे वाटतात. या सवयीसाठी लोक सायकलनंतर लगेच पळण्याचा वेगळा सराव करतात. ज्यांनी केलेला नसतो ते पहिले पाचशे मीटर गुडघे बाहेर काढून पळतात. पण इथे पाऊस परत धावून येतो. चेहऱ्यावर घाम आहे की पाणी, डोळे चुरचुरतात की भरून आलेत, कण्हतोय की गातोय, काहीच कोणाला कळत नाही. रडायचं असेल त्याने या अडीच किलोमीटरात रडून घ्यावं. पुढे फोटोग्राफर आहे.

शेवटची रेषा पार केली की गळ्यात मेडल पडतं आणि हातात केळं येतं. त्यानंतर जे सुरू होतं ते मला या खेळाचं खरं अंग वाटतं. मिसळीच्या दुकानात ओल्या कपड्यांनी बाकं भरतात, कटाची भांडी फिरतात, ब्रेडच्या चवडी येतात आणि सबबींची वाटणी होते. प्रत्येकाला पाऊस मिळालाच पाहिजे, पण सगळ्यांना तोच पाऊस चालत नाही. सर्जनसाहेब म्हणाले की त्यांचा वेळ पिशवीत गेला. वकिलांच्या वाट्याला वारा आला, तोही जाताना समोरून आणि येतानाही समोरून. म्हशीमुळे एकाची चार मिनिटं गेली आणि तिला हाकलायला थांबलेल्याची पाच. जो शर्यतीत उतरलाच नव्हता, त्याच्याकडेही सबब होती. तो म्हणाला, "मी आलोच असतो, पण पाऊस बघितलास ना?" वाढणाऱ्या पोराने सगळं ऐकून घेऊन विचारलं, "मग पाऊस नसता तर तुमच्यातलं कोण पहिलं आलं असतं?" बाकावरच्या आठही जणांनी एकाच वेळी रस्स्यात ब्रेड बुडवला.

निकाल लागला तेव्हा मला एका गोष्टीची उत्सुकता होती. पाऊस सगळ्यांच्या उपयोगी पडतो, पण जो जिंकला त्याला त्याचा काय उपयोग? तो तर त्याच रस्त्यावर, त्याच म्हशींमधून, त्याच चिखलातून सगळ्यांच्या पुढे आला. त्याच्यामुळे आम्हा सर्वांच्या सबबी खोट्या ठरतात. तेवीस-चोवीस वर्षांचा काटकुळा पोरगा, मोठा चषक घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर एकटाच बसला होता. मी जाऊन अभिनंदन केलं. त्याने लाजून चषक खाली ठेवला आणि म्हणाला,

"कसलं काय सर. पाऊस नडला. नाहीतर अजून तीन मिनिटं मारली असती."

मी त्याला आमच्या बाकावर घेऊन आलो.